'समस्त' कुठल्या खणात?

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "काकू, पेणच्या प्रेसमधल्या गमतीजमती लिहा. हलकंफुलकं चालेल." मी हो म्हटलं, आणि त्यानंतर त्यांना दोनदा आठवण करावी लागली. मी सावकाश लिहिते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिहिण्यातल्या चुका काढल्यामुळे एक वाक्य लिहून झालं की पुढचं लिहिण्याऐवजी मागचंच तपासत बसते. शिवाय तपासायला जो दुसरा माणूस लागतो, तो आता घरात नाही.

मुद्रितशोधन हे दोघांचं काम असतं, हे बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसतं. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापलेल्या कच्च्या प्रतीवर, म्हणजे प्रुफावर, नजर ठेवायची. आमच्याकडे माझे यजमान वसंतराव वाचत आणि लाल पेन माझ्या हातात असे. चूक दिसली की मी म्हणे, "थांबा." दुरुस्त झालं की म्हणे, "वाचा." लग्नानंतर मी त्यांच्याशी सर्वांत जास्त वेळा बोललेले शब्द हेच दोन असावेत. कधी भाजी निवडतानासुद्धा ते काही सांगू लागले आणि मध्येच उठून गेले, की परत आल्यावर मी "वाचा" म्हणे.

वाचणाऱ्याला विरामचिन्हंही वाचावी लागतात. पूर्णविरामाला वसंतराव 'टिंब' म्हणत, अवतरणाला 'शिंगं' आणि उद्गारचिन्हाला 'काठी'. साध्या लग्नपत्रिकेत काठी क्वचित येते. राजकीय पत्रकात मात्र काठीशिवाय वाक्य संपत नाही. "बंधूंनो काठी जागे व्हा काठी काठी काठी," असं ते अगदी सपाट आवाजात, किराणा मालाची यादी वाचावी तसं वाचत. क्रांतीची हाक त्या आवाजात ऐकली की तिच्यातली हवा निघून जाई. प्रत्येक पुढाऱ्याने आपलं पत्रक एकदा तरी असं ऐकून घ्यावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पेणमध्ये प्रेस चालवायची म्हणजे भाद्रपदाच्या आधी मंडळांची कामं. गणपती पेणचेच, मग निमंत्रण पत्रिकाही पेणच्याच, असं आजूबाजूच्या गावांचं गणित. या कामातून मला एक शोध लागला. ज्या मंडळाच्या नावात 'एकता', 'अखंड' किंवा 'एकजूट' असा शब्द असेल, ते मंडळ हमखास कुठून तरी फुटून निघालेलं असतं. जे कधीच फुटलेलं नाही, त्याला नाव शोधावं लागत नाही. ते नुसतं 'गावाचा गणपती' असतं. एकदा एकाच आळीतली तीन मंडळं आली होती: एकता, अखंड एकता आणि नव अखंड एकता. वसंतराव म्हणाले, "आणखी एकदा फुटले तर ओळ कागदात मावणार नाही."

शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हाची गोष्ट. लाकडी केसमध्ये अक्षरांचे खण असत. नेहमी लागणारे शब्द पुन्हा पुन्हा जुळवायला नकोत म्हणून दोऱ्याने बांधून तयार ठेवत. 'श्री गणेश प्रसन्न' हे त्यातलं पहिलं. आमच्याकडे छापल्या जाणाऱ्या साप्ताहिकासाठी वसंतरावांनी असे दोन खण केले होते. एकात बांधून ठेवलेले शब्द होते: स्वातंत्र्यलढा, मुक्तिसंग्राम, हुतात्मा, जनतेचा उठाव. दुसऱ्यात होते: फुटीर, देशद्रोही, माथेफिरू, परकीय हात. पहिल्यावर त्यांनी खडूने लिहिलं होतं 'बाब्या' आणि दुसऱ्यावर 'कार्टं'. 'आपला तो बाब्या' ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. तिची लाकडात सोय करणारे बहुधा आम्हीच.

या खणांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सर. सर रोह्याला नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहतात, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि साप्ताहिकात जगाच्या राजकारणावर सदर लिहीत. अक्षर मोत्यासारखं. स्वभावाने उदार, घरी गेलं तर पोह्यांवर खोबरं जास्त घालायला सांगणारे. एका आठवड्यात त्यांनी एका डोंगराळ मुलखातल्या बंडखोरांना क्रांतिकारक म्हटलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या डोंगराळ मुलखातले बंडखोर माथेफिरू झाले. प्रूफ न्यायला सर स्वतः आले होते.

वसंतरावांनी विचारलं, "सर, गेल्या आठवड्यातले आणि हे, दोघेही बंदुका घेऊन डोंगरात बसलेत. दोघांनाही वेगळा देश हवाय. मग ते बाब्या आणि हे कार्टं कसे?"

"अहो, ते कोणाच्या देशातून फुटतायत ते बघा ना."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांचा देश आपल्याला त्रास देतो. यांचा देश आपल्याला विमानं देतो."

"मग कॉलेजात हेच शिकवायचात का?"

"कॉलेजात तत्त्व शिकवतात, वसंतराव. सदरात धोरण असतं."

मी "वाचा" म्हटलं आणि पुढची ओळ सुरू झाली.

गोऱ्या देशांवर मात्र सर तुटून पडत. दुसऱ्याचा देश फुटला की युरोपवाले टाळ्या वाजवतात आणि त्यांचाच एखादा प्रांत मतदान मागू लागला की पोलीस धाडतात, हे त्यांनी इतकं झकास लिहिलं होतं की मला त्यात एक ऱ्हस्वदीर्घ सोडून काही काढता आलं नाही. त्यानंतर वर्षभरात सरांच्या सोसायटीत दोन इमारतींचं भांडण झालं आणि मागच्या इमारतीला स्वतंत्र सोसायटी हवी झाली. सर मागच्या इमारतीत राहत. त्यांनी लिहून आणलेल्या निवेदनात 'स्वयंनिर्णयाचा मूलभूत अधिकार' असे शब्द होते. पुढच्या इमारतीवाल्यांनीही निवेदन आमच्याकडेच दिलं, त्यात 'विघटनवादी प्रवृत्ती' होती. भांडण पाण्याच्या टाकीचं होतं.

सरांना हसून आपण मोकळे होऊ नये. आमच्या टेबलापाशी बसणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. संयुक्त महाराष्ट्राचं नाव घेताना ज्यांचा ऊर भरून येई, ते तेलंगण वेगळं झालं तेव्हा म्हणाले, "छान झालं, लहान राज्य सोयीचं." विदर्भाचा विषय निघाला की तेच म्हणत, "तुकडे करायला निघालेत." विषय दूर असला की आवाज मोकळा. थोडा जवळ आला की आवाज चढतो. आणि फार जवळच्या एखाद्या प्रदेशाचं नाव निघालं की आवाज एकदम खाली येतो, आणि कोणीतरी उठून दार लोटून घेतं. सगळे लढे सारखे असतात असं माझं म्हणणं नाही. बंदूक आणि पाण्याचा नळ एका पारड्यात घालू नयेत, एवढं मलाही कळतं. पण पारडं कोणतंही असो, तराजू बदलू नये.

नळावरून आठवलं. खरं तर मला सांगायची आहे ती नळाचीच गोष्ट.

जिते गावाच्या पुढे खाडीच्या अंगाला एक गाव आहे. नाव घेत नाही. तिथली माणसं हा अंक वाचतात. गावाचा मोठा पाडा वर रस्त्याला, धाकटा पाडा खाली, आणि त्याच्याही खाली, बांधाच्या पलीकडे, बंदरावरची घरं. पूर्वी मिठागरांवर कामाला जाणारी माणसं तिथे राहतात. मोठा पाडा आणि धाकटा पाडा मिळून एक ग्रामपंचायत होती आणि नळाची लाईन मोठ्या पाड्यावर येऊन संपत होती.

धाकट्या पाड्याचे पुढारी बाळारामशेठ. शेठ हे लोकांनी प्रेमाने म्हणायचं. माणूस शेतकरी, आवाज खणखणीत. आपल्या पाड्याची स्वतंत्र ग्रामपंचायत व्हावी म्हणून त्यांनी पत्रक छापायला आणलं. लिहून सरांनी दिलं होतं. शीर्षक, 'स्वातंत्र्याची हाक'. आत गुलामगिरी, पारतंत्र्याच्या बेड्या, रक्ताचा शेवटचा थेंब, सगळं होतं. वसंतराव वाचू लागले, "गुलामगिरीच्या बेड्या तोडा काठी काठी. आता माघार नाही काठी."

बाळारामशेठ खुर्चीवरून उठलेच. "ओ वसंतराव, काठी कनाला घातली? आमाला मारामारी नाय करायची. शांततेचा मार्ग हाय आमचा."

"काठी नाही हो शेठ, उद्गारचिन्ह आहे."

"मंग ठीक हाय. अजून दोन घाला."

त्यांच्याबरोबर आलेली बाई खदाखदा हसली. ती हिराबाय. बंदरावर राहणारी, काळी, उंच, कपाळावर गोंदलेली. धाकट्या पाड्याच्या मोर्चात रिकामे हंडे घेऊन बायका पुढे चालायच्या, त्यांच्या पुढे ही. ती मला म्हणाली, "बाय गो, मना वाचता येत नाय. पन ह्यात पानी कुठं लिवलंय ता दाखव." मी शोधलं. पत्रकात रक्त तीनदा होतं. पाणी नव्हतं. बाळारामशेठ म्हणाले, "पानी मागितला तर लोक जमतील का हिराबाय? स्वातंत्र्य मागितला पाहिजे." तरीही त्यांनी शेवटी पाण्याची एक ओळ घालून घेतली, आणि मला त्यांचं ते आवडलं.

ग्रामपंचायत झाली. पेढे आले. लाईनही आली आणि बाळारामशेठच्या दारापर्यंत येऊन थांबली. पुढे उतार होता, बांध होता, बंदर होतं. पाईप मात्र नव्हता.

काही वर्षांनी हिराबाय एकटी प्रेसमध्ये आली. पदरात जुनं पत्रक होतं, घड्या पडून पडून मऊ झालेलं. बंदरावरच्या घरांनी आपली वेगळी गावकी करायची ठरवली होती. गावकी म्हणजे गावाची रीतीभातीची पंचायत. सरकारी कागदात तिला जागा नाही, पण लग्न, मयत, गणपती, जत्रा सगळं तिच्या शब्दावर चालतं. बंदरवाल्यांना धाकट्या पाड्याच्या गावकीतून निघून आपला गणपती वेगळा बसवायचा होता, आणि शेजारच्या पंचायतीकडून पाणी मागायचं होतं.

"ह्याच छापा गो बाय," ती म्हणाली. "मोठा पाडा लिवलाय तिथं धाकटा पाडा घाला, धाकटा लिवलाय तिथं बंदर. बाकी सगला तसाच हाय."

आम्ही दोघांनी वाचून पाहिलं. खरंच, बाकी काहीही बदलावं लागलं नाही. पाण्याची ओळसुद्धा जशीच्या तशी बसली.

पत्रक वाटलं गेल्याच्या चौथ्या का पाचव्या दिवशी बाळारामशेठ आले. सोबत सर. त्यांच्या हातात नवा मजकूर होता: 'गावाची एकजूट फोडणाऱ्या फुटिरांपासून सावध'. वसंतरावांनी वाचायला घेतलं आणि परकीय हातापाशी त्यांचा आवाज हलला. ते हसू दाबत होते. परकीय हात म्हणजे शेजारची पंचायत.

मी म्हटलं, "शेठ, हिराबायने छापलं ते तुमचंच पत्रक होतं."

"तवाची गोष्ट येगली होती, वयनी."

"काय वेगळं होतं?"

"तवा आमच्यावं अन्याय होत होता."

"आणि आता?"

"आता विकास चाललाय."

मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीतून बाहेर, समोरच्या कारखान्यात वाळत ठेवलेल्या, अजून डोळे न रंगवलेल्या गणपतींकडे बघत होते. "सर, दोन्ही तुम्हीच लिहिलंत?" मी विचारलं.

"पहिल्यात स्वयंनिर्णय होता," सर म्हणाले. "हे विघटन आहे."

"फरक कसा ओळखायचा?"

"लिहून घ्यायला कोण आलाय त्यावरून," वसंतराव म्हणाले. सर मोठ्याने हसले. तो त्यांचा गुण होता, हसत. लेखन मात्र मागे घेत नसत.

यानंतर गावकीने काय केलं, ते मी इथे शक्य तितक्या शांतपणे लिहिते. गावकीने बंदरावरच्या घरांना वाळीत टाकलं. आता त्याविरुद्ध कायदा आहे, म्हणून तो शब्द कोणी उच्चारत नाही. 'संबंध ठेवायचा नाय' असं म्हणतात. त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांच्या लग्नाला जायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. म्हणजे ज्यांना बाहेर पडायचं होतं, त्यांना बाहेर पडायचा गुन्हा केल्याबद्दल बाहेर काढण्यात आलं. एकजूट टिकवण्याचा हा मार्ग जगात इतरत्रही वापरतात, असं मी सरांच्या सदरात वाचलं होतं. गोऱ्यांच्या संदर्भात.

आणि त्याच माघात हिराबायच्या मुलीचं, सुरेखाचं, लग्न ठरलेलं होतं. मुलगा निडीकडचा, कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारा.

आमच्या भागातल्या लग्नपत्रिकेत अगदी खाली एक ओळ असते: 'आपले नम्र, समस्त ग्रामस्थ'. शहरातल्या लोकांना ती शोभेची वाटते. तशी ती नाही. पत्रिका घरात आली की तरुण मुलं फोटो बघतात, बायका मुहूर्त बघतात, आणि म्हातारी माणसं चष्मा लावून खालची ओळ बघतात. ती ओळ असली म्हणजे मुलीच्या पाठीशी तिचं गाव आहे. नसली म्हणजे काहीतरी बिनसलंय, आणि एका गावकीने टाकलेल्या घरातली मुलगी दुसऱ्या गावकीने करून घ्यावी का, हा प्रश्न सुरू होतो. निडीच्या म्हाताऱ्यांच्या कानावर कुजबुज गेलेलीच होती. मुलाचा आजा म्हणाला होता, "पत्रिका येऊ दे. मग बघू."

हिराबाय प्रेसमध्ये येऊन बसली. त्या दिवशी हसली नाही. "वलीत समस्त घाल गो बाय. ती वल नसली तर माझी सुरेखा घरान ऱ्हाते."

आम्ही ओळ जुळवत होतो तोवर कोणीतरी बातमी नेली असणार, कारण दुपारी बाळारामशेठ दारात उभे. हिराबाय तिथेच बसलेली. गावकीच्या नियमाने तिच्याशी बोलता येत नाही, म्हणून ते माझ्याशी बोलले.

"वयनी, त्या बाईला सांगा, समस्त ग्रामस्थ म्हंजे आमी."

हिराबायही माझ्याकडेच बघून म्हणाली, "त्यास्नी सांग, समस्त म्हंजे सगली. आमी नाय तर सगली कशी?"

"तिला सांगा, मोर्च्याला सगली होती. आता नाय."

"त्यांना सांग, मोर्च्यान हंडा माझा होता."

वसंतराव मध्ये म्हणाले, "तुम्ही दोघं थेट बोला, प्रुफाला उशीर होतोय." कोणी ऐकलं नाही.

बाळारामशेठनी खिशातून चिठ्ठी काढली. त्यांना स्वतःचं एक निवेदन छापून वाटायचं होतं, निडीपर्यंत. खाली सही अशी: 'समस्त ग्रामस्थ (बंदरावरचे वगळून)'.

वसंतरावांनी सवयीने वाचलं. "समस्त ग्रामस्थ, कंस सुरू, बंदरावरचे वगळून, कंस पुरा, टिंब."

"थांबा," मी म्हटलं.

मुद्रितशोधकाचा एक नियम असतो. मजकुरात काय म्हटलंय, ते पटो न पटो, आपण त्याला हात लावायचा नाही. मी आयुष्यात माथेफिरूंना माथेफिरूच ठेवलं आणि हुतात्म्यांना हुतात्मे. पण भाषेची चूक सोडायची नाही, हाही नियमच. मी म्हटलं, "शेठ, कोणी वगळलं असेल तर 'समस्त' लिहिता येणार नाही. 'काही ग्रामस्थ' लिहा. 'बरेच ग्रामस्थ' लिहा. ते बरोबर छापून देईन."

"काही ग्रामस्थ?" त्यांचा चेहरा उतरला. "काही म्हंजे गाव होतो का?"

"तेच म्हणतेय मी."

"व्याकरन तुमचा वयनी, गाव आमचा!" ते चिठ्ठी घेऊन निघून गेले. पायरीवरून ओरडले ते शेवटचं वाक्य वसंतरावांनी नंतर किती तरी दिवस पाठ म्हटलं, अगदी काठीसकट.

त्यांनी ते निवेदन रोह्याला जाऊन छापून घेतलं. तिथे कंसाला कोणी हरकत घेतली नाही. आम्ही हिराबायची पत्रिका छापली. संध्याकाळी वसंतरावांनी तो छापलेला 'समस्त' बोटाने पुसल्यासारखा केला आणि विचारलं, "हा कुठल्या खणात ठेवायचा गं? बाब्याच्या की कार्ट्याच्या?" तोवर खिळे जाऊन कॉम्प्युटर आला होता आणि खण अडगळीत होते, पण प्रश्न तसाच होता. 'स्वतंत्र', 'फुटीर', 'अखंड' हे सगळे शब्द आम्ही डोळे मिटून योग्य खणात टाकत असू. या शब्दापाशी ते अडले.

लग्नाला आम्ही दोघं गेलो. बंदरावर मांडव छान होता, आणि निम्माअधिक रिकामा. निडीचं वऱ्हाड येऊन बसलं. मुलाचा आजा पुढच्या खुर्चीवर, काठी दोन्ही पायांत. इकडे बघ, तिकडे बघ. धाकट्या पाड्यावरचं एक माणूस नाही. त्याने हातातली पत्रिका उलगडली, खालची ओळ पाहिली आणि मोठ्याने विचारलं, "व्याहीणबाई, पत्रिकेत तर समस्त लिवलंय. गाव कुठं हाय तुमचा?"

 सुरेखा हळदीच्या साडीत आत बसलेली होती. तिच्यापर्यंत हे ऐकू गेलं असणार. वसंतरावांनी माझा हात धरला. ते असं चारचौघांत कधी करत नसत.

हिराबायने मान वर केली आणि हात लांब केला. "ता काय उभा हाय," ती म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी तिकडे वळून पाहिलं. बंदर आणि पाडा यांच्या मधल्या बांधावर बायका उभ्या होत्या. ओळीने, नव्या लुगड्यांत, डोईत फुलं. धाकट्या पाड्यावरच्या. गावकीने मांडवात पाय ठेवायला बंदी केली होती. बांध सरकारचा, तो मांडवात येत नाही. आणि मांडवातल्या म्हाताऱ्या धवलारणीने लग्नाचं गाणं उचललं तेव्हा दुसरी ओळ बांधावरून आली. लांबून, वाऱ्यावर थोडी मागेपुढे होत, पण आली. आजाने कान दिला, पत्रिकेची घडी घातली आणि खिशात ठेवली. "लागू द्या मंगलाष्टकं," तो म्हणाला. "गाव मोठा हाय, मांडवान मावला नाय."

बांधावर उभ्या असलेल्या बायकांत, मधोमध, बाळारामशेठची बायको होती.

पुढच्या आठवड्यात शेठनी आमच्याकडेच फ्लेक्सचा मजकूर पाठवला: 'एकजुटीचा विजय. एकही ग्रामस्थ मांडवात गेला नाही.' तथ्य तपासलं तर चूक नव्हती. मी छापून दिला. वसंतराव वाचताना थांबून म्हणाले, "'ग्रामस्थ' पुल्लिंगी धरलाय त्यांनी."

वाळीत टाकलेलं अजून पूर्ण उठलेलं नाही. नळाचा पाईप बांधापर्यंत आलाय असं ऐकते. सर अजून लिहितात. परवाच त्यांनी एका नव्या देशाच्या जन्माचं मनापासून स्वागत केलं. तो देश लांब आहे.

वसंतराव गेल्या वर्षी गेले. दवाखान्यात शेवटच्या दिवशी त्यांच्या श्वासात खंड पडू लागला तेव्हा माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "थांबा." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते थांबले नाहीत.

त्यांच्या तेराव्याची पत्रिका मीच केली. वाचायला कोणी नव्हतं, म्हणून मीच वाचलं आणि मीच नजर ठेवली. असं करू नये. आपल्याच आवाजाला आपली चूक ऐकू येत नाही. खाली ओळ घातली: 'शोकाकुल, समस्त मित्रपरिवार'.

तेराव्याला प्रेसच्याच खोलीत सतरंजी घातली होती. हिराबाय सकाळीच येऊन भिंतीला टेकून बसली होती. थोड्या वेळाने बाळारामशेठ आले, टोपी हातात. खोली भरलेली होती, जागा होती ती नेमकी हिराबायच्या शेजारी, तीही अर्धीच. ते उभेच राहिले. मग खाकरून मला म्हणाले, "वयनी, त्या बाईला सांगा, जरा सरका म्हनावं."

हिराबायने माझ्या हातातली पत्रिका घेतली आणि ओळीवर बोट ठेवलं. कुठली ओळ ते तिला आता ठाऊक झालं होतं. "बाय गो, इथं काय लिवलंय?"

"समस्त मित्रपरिवार."

"कंस हाय का पुढं? वगलून बिगलून?"

"नाही."

"मंग त्यास्नी सांग," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता सरळ बाळारामशेठकडे बघून म्हणाली, "बसा. समस्त लिवला की सरकायला लागतं."

ती सरकली. शेठ बसले.